नातीची पोटगी

कुंडलिकतात्यांच्या घरात सकाळचं पहिलं दूध चहाला जात नसे. ते तुफानला जाई. तुफान म्हणजे त्यांचा खिल्लार बैल. बैलगाडा शर्यतीत तो धावायचा आणि त्याच्यामुळे तात्यांचं नाव आंबेगाव-जुन्नरच्या यात्रांमधून लाउडस्पीकरवर पुकारलं जायचं. त्या दिवशीही अमृतनं पातेल्यात दूध ओतलं, त्यात अंडी फोडली, उडदाचं पीठ कालवलं आणि बैलाच्या तोंडाशी धरलं. अमृत हा तात्यांचा एकुलता एक मुलगा. तात्या ओट्यावर बसून कौतुकानं बघत होते. त्यांची बायको साळुबाई उरलेल्या दुधाचा चहा टाकायला आत वळली होती.

तेवढ्यात पोलीस हवालदाराची मोटारसायकल महाळुंगे पडवळच्या त्या मळ्यात शिरली. उतरल्या उतरल्या त्यानं आधी बैलाच्या पाठीवर थाप दिली.

"झ्याक दिसतोय राव, तात्या! औंदा यात्रेत कुणाला ऐकत न्हाई हा." मग त्यानं पिशवीतून कागद काढला. "अमृतभाऊ, सही करा. घोडेगावच्या कोर्टाचं समन्स हाय. पोटगीचं."

"कुणी लावलं?" तात्यांनी विचारलं.

हवालदारानं कागद वाचला. "वृषाली आणि अज्ञान, म्हंजी लहान, मुलगी आरोही."

"ही आरोही कोण?"

अमृत पातेलं विसळायला लागला. आतून चहाचा कप घेऊन आलेली साळुबाई उंबऱ्यातच थांबली आणि म्हणाली, "तुमची नात."

वृषाली ही अमृतची बायको. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी ती बाळंतपणाला माहेरी, अवसरी खुर्दला गेली. मुलगी झाली. बारशाचा निरोप आला, त्या दिवशी अमृतचा गाडा एका यात्रेत धावत होता. कुणी गेलं नाही. सव्वा महिन्यानं तिला आणायला जायचं होतं, तेही राहिलं. मग पेरण्या आल्या, मग कांदा काढायला आला, मग पुन्हा यात्रा आल्या. भांडण असं झालंच नाही. कुणी शिवी दिली नाही, कुणी हात उगारला नाही, घराबाहेर काढलं नाही. फक्त आणायला कुणी गेलं नाही.

एकदा तिचे वडील स्वतःच लेकीला आणि तान्ह्या नातीला घेऊन आले. त्यांची जीप कालव्याच्या रस्त्यावर दिसताच अमृतनं घराला कुलूप लावलं आणि सगळे रानात गेले. वृषाली पोर मांडीवर घेऊन दिवस कलेपर्यंत ओट्यावर बसून होती. साळुबाई तेव्हा समोरच्या उसाआड उभी होती. पोरीचं रडणं तिला ऐकू येत होतं. "लेक झाली म्हणून रुसलाय पोरगा. निवळंल," असं तात्या म्हणाले होते, आणि साळुबाई उसातून बाहेर आली नव्हती.

आपल्याकडे बाई टाकायची असली की बहुतेकदा अशीच टाकतात. त्याला ना तारीख असते ना साक्षीदार. टाकणाऱ्याला कुणी जाब विचारत नाही, कारण त्यानं काही केलेलंच नसतं. पुढं गावकीनं एक बैठकही बसवली. एकरकमी काही घ्यावं, फारकतीवर सही करावी आणि पोरीसह विषय मिटवावा, असं ठरत आलं होतं. वडील तयार झाले होते. वृषालीनं सही केली नाही, एवढाच तिचा गुन्हा.

वडील वारले. वृषाली भावाच्या घरी राहिली आणि अवसरीत इंजिनिअरिंगच्या पोरांसाठी चालणाऱ्या एका मेसमध्ये पोळ्या लाटायला जाऊ लागली. आरोही शाळेत गेली. तिच्या वर्गाच्या इंद्रायणीबाईंनी एक दिवस वृषालीला बोलावून घेतलं. "ही फळ्यावरचं बघून लिहीत नाही, शेजारणीच्या वहीतलं बघून लिहिते. डोळे दाखवा." मंचरच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की एका डोळ्याची नजर आळसावली आहे. चष्मा लागेल, चांगला डोळा रोज काही तास झाकून ठेवावा लागेल, वरचेवर तपासणी करावी लागेल. हे सगळं लहानपणीच व्हायला हवं. वय निघून गेलं तर तो डोळा मग कायमचा अधू.

पहिला चष्मा भावानं केला. दुसऱ्यांदा नंबर बदलला तेव्हा भावजय उज्ज्वला चुलीपुढं बसून, वर न बघता म्हणाली, "वन्सं, तुमची भाकरी आमाला जड न्हाई. देवाशपथ न्हाई. पर पोरीला बाप हाय ना? का मेलाय?"

उज्ज्वला वाईट बाई नव्हती. तिची स्वतःची दोन पोरं होती. वृषाली त्या रात्री जेवली नाही आणि दुसऱ्या दिवशी घोडेगावला गेली.

तिथं साधनाताई नावाच्या वकील होत्या. त्यांच्या टेबलासमोर बसल्यावर वृषालीनं आधीच सांगून टाकलं, "मला त्या घरातलं काय नको. मानपान नको, जमीन नको, नवरा नको."

"बरं," साधनाताई म्हणाल्या. "तुझं तू सोड. पण पोरीचं सोडायचा हक्क तुला कुणी दिला?"

वृषालीनं खुर्ची पुढं ओढली.

"पोटगी तिची आहे. तू सही केलीस तरी तिचा हक्क बुडत नाही आणि तू बुडवूही नकोस. तू फक्त तिच्या वतीनं मागायचंस."

"किती देत्यात?"

"ठरलेला आकडा नसतो. पोरीला काय लागतं आणि बापाची ऐपत काय, हे कोर्ट बघतं. ऐपत म्हणजे तो कागदावर दाखवील तेवढीच नाही. धडधाकट माणूस किती कमवू शकतो, घरात कसा राहतो, कशावर खर्च करतो, हेही बघतात. बापाच्या घरी ती जशी वाढली असती, साधारण तशी वाढायला हवी. तू पोळ्या लाटतेस म्हणून बाप सुटत नाही. दोघांनाही आपापली मिळकत शपथेवर लिहून द्यावी लागते. तू खरी लिही. मेसचा पगार लपवू नकोस."

मग पोरीला काय काय लागतं ते लिहायला बसल्या. चष्मा, तपासणी, शाळेची रिक्षा, दप्तर, कपडे, धान्य. लिहिताना वृषालीची मान खाली जात चालली. आपलं लेकरू किती खातं याचा हिशेब परक्या माणसापुढं मांडायची वेळ यावी, याचीच तिला लाज वाटत होती. मध्येच ती अडखळली.

"ताई, दूध लिहू का?"

"पीत नाही का ती?"

"मिळालं तर पिती."

"मग लिही," साधनाताई म्हणाल्या आणि खिडकीकडं बघू लागल्या.

इकडं अमृतच्या वकिलाकडं वेगळीच तयारी चालली होती. जमीन तात्यांच्या नावावर होतीच. ट्रॅक्टर आणि पिकअप अमृतच्या मेहुण्याच्या, म्हणजे बहिणीच्या नवऱ्याच्या, नावानं घेतलेले होते. दूध डेअरीचं खातं साळुबाईच्या नावाचं. शेजारच्या रामदासभाऊंनी आणि आणखी एकानं लिहून दिलं की अमृत मिळेल तेव्हा मजुरी करतो. रामदासभाऊंना त्यात वावगं वाटलं नाही. गावच्या पोराला गावानं सांभाळायचं नाही तर कुणी?

जबाब पुरा होत आला तेव्हा वकिलानं पेन टेकवलं. "तात्या, शेवटी एक कलम टाकू या. मुलगी आमची नाही म्हणून. बाळंतपणाआधी बरेच महिने ती माहेरीच होती म्हणायचं. हे टाकलं की समोरचे तडजोडीला येतात. बायका अब्रूला भितात."

अमृत बापाकडं बघत होता. तात्यांना ठाऊक होतं की ते खोटं आहे. सातव्या महिन्यात ओटी भरून वृषालीला त्यांनी स्वतः जीपमध्ये बसवून दिलं होतं. तरी ते म्हणाले, "टाका. कोर्टकचेरीत असलं चालायचंच."

अमृतनं सही केली. त्याच मजकुराच्या पुष्टीला तात्यांनी आपलं प्रतिज्ञापत्र दिलं आणि त्यावर सही केली. घरी आल्यावर साळुबाईला एवढंच सांगितलं, "जबाब दिला."

खटला चालू असेपर्यंत कोर्टानं आरोहीसाठी तात्पुरती रक्कम ठरवून दिली. ती कधी आली, कधी आली नाही. आली तेव्हा त्यातून डॉक्टरांची तपासणी झाली. जबाबातलं शेवटचं कलम साधनाताईंनी वृषालीला वाचून दाखवलं, त्या दिवशी ती मेसमध्ये गेली आणि रोजच्यासारख्या पोळ्या लाटल्या. तडजोडीला मात्र आली नाही.

आणि एक दिवस मेसमध्ये जेवायला आलेला ऋषी नावाचा विद्यार्थी मोबाइलवर शर्यतीचा व्हिडिओ बघत होता. पोळी वाढायला गेलेल्या वृषालीच्या कानावर ओळखीचा आवाज पडला. यात्रेतल्या कुणीतरी अमृतची मुलाखत घेतली होती. मागं तुफान उभा होता, अंगावर झूल. अमृत हसत सांगत होता, "खुराकात आपण काय कमी पडू देत न्हाई. बैल माझाच हाय. पोटच्या पोरासारखा सांभाळतो आपण त्याला."

"ऋषीदादा, हे मला पाठवता येतंय का?" वृषालीनं विचारलं. तिचा हात पिठानं पांढरा झाला होता, म्हणून नंबर तिनं तोंडी सांगितला.

तात्यांच्या उलटतपासाच्या दिवशी साळुबाईनं हट्ट धरला. "मी बी येते." शाळेला सुट्टी आहे, पोरगी आईबरोबर येईल, असं तिला कुठूनतरी कळलं होतं.

कोर्टाच्या व्हरांड्यात बाकावर आरोही बसली होती. दोन वेण्या, जाड काचांचा चष्मा, एका काचेवर पांढरी पट्टी. ती गोष्टीचं पुस्तक नाकाशी धरून वाचत होती. साळुबाई तिच्यासमोरून दोनदा गेली. दुसऱ्यांदा पोरीनं मान वर केली, पाय आत घेतले आणि म्हणाली, "बसा ना आजी, जागा आहे." साळुबाईच्यानं बसवलं नाही.

तात्यांचा पुकारा झाला. पांढरा सदरा, टोपी, बोटात अंगठी. साक्षीदाराच्या कठड्यात उभं राहून त्यांनी खरं बोलायची शपथ घेतली. कोर्टाच्या खोलीत मागच्या बाकावर साळुबाई बसली. वृषाली एका भिंतीशी उभी होती. आरोहीला तिनं बाहेरच ठेवलं होतं.

साधनाताई उठल्या. पहिले प्रश्न साधे होते. शेती किती, पाणी कुठलं, ऊस किती. तात्यांनी मोजूनमापून उत्तरं दिली.

"तुमच्याकडे शर्यतीचा बैल आहे?"

"हाय."

"कुणाचा?"

"माझा. मला नाद हाय." ही शिकवलेली ओळ होती.

"चांगला आहे म्हणतात."

"चांगला?" तात्यांचा आवाज बदलला. "बाई, आख्ख्या तालुक्यात तसा खोंड न्हाई."

"त्याला खायला काय देता?"

अमृतचा वकील उठला. हा प्रश्न गैरलागू आहे, असं म्हणाला. न्यायाधीशांनी उत्तर द्यायला सांगितलं. आणि तात्यांनी ते दिलं. दूध किती, अंडी किती, कोणती डाळ, कोणती पेंड, थंडीत काय, शर्यतीआधी काय. सांगता सांगता त्यांची मान ताठ झाली. डॉक्टर दर पंधरवड्याला येऊन बघतो, हेही त्यांनी आपणहून सांगितलं.

"हे सगळं देतं कोण?"

"अमृतच. माझ्या गुडघ्यानं होत न्हाई आता." बोलून गेल्यावर ते थांबले. अमृतनं डोळे मिटून घेतले.

"बैल कुठून आणला?"

"इकत आणलेला न्हाई. घरच्या गाईचा हाय."

"म्हणजे त्याची आई तुम्हाला माहीत आहे."

"आई म्हंजी? आजी, पणजी माहीत हाय. पणजी माझ्या वडलांनी आटपाडीच्या बाजारातनं आणली. बाप सांगलीकडचा वळू. आजा बी..." तात्या बोटं मोजत सांगत होते.

साधनाताईंनी त्यांना पुरं बोलू दिलं. मग समोरचा कागद उचलला. "तात्या, हे तुमचं प्रतिज्ञापत्र. सही तुमची आहे?"

"हाय."

"यात लिहिलंय..." आणि त्यांनी ते कलम वाचलं. हळू, एकेक शब्द. सदर मुलगी आरोही ही माझ्या मुलापासून झालेली नसून, तिच्याशी आमच्या घराण्याचा कोणताही संबंध नाही.

मागच्या बाकावरून एक आवाज आला. शब्द नव्हता तो. साळुबाई उभी राहिली होती. शिपायानं बसा म्हणून खूण केली, ती बसली नाही. पदर तोंडाशी धरून नवऱ्याकडं बघत राहिली.

"सांगा तात्या," साधनाताई म्हणाल्या. आवाज त्यांनी चढवला नाही. "बैलाच्या पणजीपर्यंत तुम्हाला माहीत आहे. शपथेवर सांगितलंत. बाहेर बाकावर जी मुलगी बसली आहे, ती कुणाची?"

वकिलानं शिकवलेलं उत्तर तोंडपाठ होतं. ते द्यायला तात्यांनी तोंड उघडलंही. पण त्यांना समोर साळुबाई दिसत होती आणि भिंतीशी वृषाली. वृषाली रडत नव्हती. ती त्यांच्याकडं बघतही नव्हती. सात वर्षं जिनं त्यांच्या नावाला बट्टा लावला नाही, तिची अब्रू त्यांनी एका सहीनं चव्हाट्यावर आणली होती. टोपी काढून त्यांनी कपाळ पुसलं.

"आमच्या अमृतची हाय," ते म्हणाले. "माझी नात हाय. त्या कागदावरचं खोटं हाय."

"तात्या!" अमृत ओरडला.

"गप बस!" तात्या कठड्याला धरून उभे होते. "साहेब, बैल बी त्याचाच, ट्रॅक्टर बी त्याचाच. मेहुण्याचं नुसतं नाव हाय. आख्खी शेती त्योच बघतो. मला काय इचारायचं ते इचारा आता."

आरोही कितवीत आहे, हे साधनाताईंनी विचारलं. ते मात्र तात्यांना सांगता आलं नाही.

काही आठवड्यांनी निकाल लागला. न्यायाधीशांनी आदेशात लिहिलं की जमीन बापाच्या आणि वाहन मेहुण्याच्या नावावर ठेवल्यानं माणूस निर्धन ठरत नाही. त्याचं राहणीमान, त्याची काम करायची ताकद, त्याचा शौकाचा खर्च पाहून त्याची ऐपत ठरते. बैल आपलाच असल्याचं सांगणारा अमृतचा व्हिडिओही पुराव्यात धरला होता. मुलीच्या गरजांमध्ये अवास्तव काही नाही, आणि डोळ्याचा उपचार थांबवता येणार नाही. आई राबते, हा बापाला सूट मिळण्याचा आधार होऊ शकत नाही. आरोहीला दरमहा आठ हजार रुपये, अर्ज केला त्या तारखेपासून, आणि वेळोवेळी गरज वाढेल तशी वाढ मागायची मुभा. जास्तीत जास्त एक हजार देऊ शकतो, असं अमृतनं शपथेवर लिहिलं होतं.

अमृतनं आधी पैसे भरले नाहीत. वॉरंट निघाल्यावर भरले. बापाशी तो बोलेनासा झाला. "भर कोर्टात मला उघडं पाडलं," असं तो गावभर सांगे, आणि गाव मान डोलवी. रामदासभाऊ तात्यांना गाठून म्हणाले, "तात्या, आमी तुमच्या पोरासाठी खोट्या सह्या केल्या अन् तुमीच उलटला? आता आमचं तोंड कुठं लपवायचं?" आपलं तोंड लपवण्याजोगं होतं हे त्यांनी तेव्हा पहिल्यांदा कबूल केलं. पण त्याचा दोष त्यांना तात्यांच्या खऱ्या बोलण्यात दिसला, आपल्या सहीत दिसला नाही.

तात्यांना वाटलं होतं, निदान साळुबाई दोन शब्द बरे बोलेल. ती बोलली, पण बऱ्याच दिवसांनी. शेंगा फोडत बसली होती.

"लोकं तुमाला नावं ठेवत्यात, खरं बोलला म्हणून. मी न्हाई ठेवत," ती म्हणाली. "पर तुमी खरं कवा बोलला? पिंजऱ्यात हुबं केलं तवा. घरात कुणी इचारलं असतं तर बोलला असता का?"

तात्यांनी पुढ्यातली एक शेंग उचलली आणि न फोडताच परत ठेवली.

"आन मी तरी काय केलं? ती पोर घिऊन ओट्यावर बसली व्हती. मी उसात हुबी. चार पावलं न्हाई टाकली मी." शेंगा तशाच टाकून ती आत गेली.

तात्या एकटेच घोडेगावला गेले. आता त्यांना वकील नको होता. ते सरळ साधनाताईंच्या दारात जाऊन उभे राहिले.

"बाई, त्या कागदावरचं माझं लिहिणं खोडून मिळंल का? काय खर्च आसंल त्यो देतो."

"कोर्टात दाखल झालेलं खोडता येत नाही, तात्या."

"मी खोटं म्हणून कबूल केलंय की."

"केलंत. तेही कागदावर आहे. हेही राहणार, तेही राहणार."

"म्हंजी पोरगी मोठी झाली, अन् तिनं ती फाइल मागितली..."

"तर तिला मिळेल. तिचाच खटला आहे." साधनाताईंनी त्यांना बसायला खुर्ची दिली. तात्या बसले नाहीत. "कागदाचं मी काही करू शकत नाही. पण तिला ते कागदातनं कळायच्या आधी तुमच्या तोंडून कळू दे. एवढं तुमच्या हातात आहे."

पुढच्या रविवारी तात्या आणि साळुबाई एसटीनं अवसरीला गेले. साळुबाईनं परकरासाठी कापड घेतलं होतं, तात्यांनी पेढे. वृषाली दारात आली. तिनं डोक्यावर पदर घेतला, दोघांना बसायला सतरंजी टाकली. कापडाला आणि पेढ्यांना हात लावला नाही.

"मामा, कोर्टात खरं बोललात, त्याचं मी वाईट मानत न्हाई," ती म्हणाली. "पर ते आमच्यावर उपकार न्हाईत. आत्या, तुमी बसा. पाणी घ्या."

पाणी आरोहीनं आणलं. पट्टी आता निघाली होती, चष्मा तेवढा होता. तिनं तांब्या ठेवला आणि दोघांकडं निरखून पाहिलं. "तुम्ही कोर्टात होतात ना? या आजी बसल्याच नव्हत्या."

"होय बाळा," साळुबाई म्हणाली.

"हे तुझे आजोबा," वृषालीनं सांगितलं. "तुझ्या बाबांचे वडील. तुला काहीतरी सांगायला आलेत."

आरोही समोर मांडी घालून बसली. शाळेत गोष्ट ऐकायला बसावं तशी. तात्यांनी घसा साफ केला. गावच्या सभांमध्ये न अडखळता बोलणारा तो माणूस, पण समोरच्या त्या जाड काचांमागच्या डोळ्यांकडं त्यांच्यानं बघवेना. त्यांनी सुनेकडं पाहिलं. ती दाराला टेकून उभी होती, तिनं मदत केली नाही. त्यांनी बायकोकडं पाहिलं. तिनंही केली नाही.

"मी तुझ्याबद्दल एक खोटं लिहून दिलं व्हतं," तात्या म्हणाले. "कोर्टात."

"काय खोटं?"

शेजारच्या घरात कुणीतरी कांदे निवडत होतं, टोपलीत टाकल्याचा आवाज येत होता.

"की तू आमची न्हाईस. आमी तुला ओळखत न्हाई."

वृषालीनं तोंड फिरवलं. आरोहीनं थोडा विचार केला. समोरचा म्हातारा रडतोय, हे तिच्या ध्यानात आलं, आणि तो का रडतोय ते तिला नीट कळलं नाही. त्याला बरं वाटावं असं काहीतरी म्हणायला हवं, एवढं मात्र तिला समजलं.

"असू दे आजोबा," ती म्हणाली. "मी पण तुम्हाला ओळखत नव्हते."

तात्यांना वाटलं होतं, पोर रागावेल, रडेल, आईच्या कुशीत शिरेल. त्यातलं काहीही त्यांना पेललं असतं. तिनं तर त्यांची समजूत काढली होती.

परत निघताना ते सुनेसमोर हात जोडून उभे राहिले. "पोरी, दर म्हैन्याला अमृत पैसे भरतोय का न्हाई, ते मी बघंन. आन गावात पुना कुणी फारकतीची बैठक बसवली, कुणाची पोर बुडवायला कागद करायला लागलं, तर मी तिथं जाऊन माझंच सांगंन. मी काय लिहून दिलं ते."

"सांगा," वृषाली म्हणाली.

त्यानंतर तात्यांनी ते खरंच सांगितलं आहे, एकदा नव्हे, अनेकदा. दर वेळी बैठकीतली माणसं अस्वस्थ होतात, कुणी पायांकडं बघतं, कुणी चहा मागवतं. बहुतेकांच्या ओळखीत असं एखादं घर असतं, जिथं कुणालाही हाकललेलं नसतं, फक्त आणायला कुणी गेलेलं नसतं. तात्या बोलून संपवतात तेव्हा त्यांना कुणी काही विचारत नाही. मग आपला फारकतीचा कागद पुढं करायचा की खिशात ठेवायचा, हे ज्याचं त्याला ठरवावं लागतं.